पाचवा सिलिंडर

१

मिस्त्रीचा नियम साधा होता. गाडी दारात आली की आधी गाडीचं ऐकायचं, मग मालकाचं. मालक बोलतात फार आणि सांगतात कमी. "कालपासून आवाज यायला लागला" म्हणतात, आणि बघावं तर तो आवाज कधीचा मुरलेला असतो. गाडीला पोट असतं, पण पोटात एक आणि ओठात एक असं नसतं. आवाज आला म्हणजे कुठेतरी काहीतरी झिजलंय. एवढ्या शहाणपणावर त्याचा जन्म गेला होता आणि भागलंही होतं.

त्या दिवशी गाडी होती त्याच्याच मुलीची. तिला तो ठिणगी म्हणायचा. लहान असताना तो प्लग घासायला बसला की ही समोर फतकल मारायची आणि "ठिणगी दाखवा, ठिणगी दाखवा" म्हणून डोकं उठवायची, तेव्हापासून. आता तिला दुसऱ्या शहरात पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली होती आणि उद्या सकाळी तिथे हजर व्हायचं होतं. त्यासाठी तिने एक जुनी पण धडधाकट गाडी घेतली. बापाला न विचारता घेतली. मिस्त्रीच्या घरात गाडी आली आणि मिस्त्रीने ती आधी पाहिली नव्हती! म्हातारा तेव्हापासून धुमसत होता.

गॅरेज खाली आणि घर वर. सकाळी शटर उघडून तो हातमोजे शोधत होता तेवढ्यात ठिणगी जिना उतरून आली.

"बाबा, पिवळा दिवा लागलाय. इंजिनचा."

"लागेल नाहीतर काय. लोक काय चांगली गाडी कंटाळा आला म्हणून विकतात?"

"बघणार असाल तर बघा. नाहीतर मी वायरमनकाकांकडे नेते."

"ने की! तो उंटावरचा शहाणा स्टार्टर बघायला दिला तर हॉर्न दुरुस्त करून परत पाठवतो."

ती हसली आणि वर गेली. तिची बांधाबांध चालली होती. वरून कपाटाची दारं आपटल्याचा आवाज येत होता. ती गेली की त्या दारांचा आवाज करायला घरात कोणी उरणार नव्हतं. तिची आई जाऊन बरीच वर्षं झाली होती.

मिस्त्रीने स्टेअरिंगखालच्या सॉकेटात स्कॅनरची पिन खोचली. या यंत्रावर त्याचा राग होता. नाडी न धरता औषध लिहून देणाऱ्या डॉक्टरसारखं ते वागतं, असं तो म्हणायचा. पण वापरायचा रोज. पडद्यावर चक्र फिरलं आणि कोड आला. पी, शून्य, तीन, शून्य, पाच.

हा कोड म्हणजे मिसफायर. सिलिंडरमध्ये पेट्रोल पेटायला हवं तेव्हा पेटत नाही, अडखळतं. कितवा सिलिंडर अडखळतोय ते शेवटचा आकडा सांगतो. एक असेल तर पहिला, दोन असेल तर दुसरा. इथे पाच होता.

मिस्त्रीने बॉनेट उचललं. ओळीने वीज पुरवणाऱ्या चार कॉइल, प्रत्येकीखाली ठिणगी पाडणारा एक प्लग. शाळकरी पोरालाही मोजता येतील असे चार सिलिंडर. पाचवा नव्हताच.

आडात नाही ते पोहऱ्यात आलं कुठून?

२

यंत्र बिघडलं, दुसरं काय. मिस्त्रीने कोड पुसला. दिवा विझला. त्याने गाडी चालू केली, एक चक्कर मारून आणली आणि दारात येता येता दिवा परत लागला. पुन्हा पिन खोचली. पुन्हा पाच.

शेवटी नाक मुठीत धरून तो शेजारी वायरमनच्या दुकानात गेला. वायरमन त्याच्याच वयाचा, गाड्यांच्या वायरिंगची कामं करायचा. दोघांची मैत्री जुनी आणि भांडण त्याहून जुनं.

"तुझा स्कॅनर दे जरा."

"का? तुझा काय तोंड वर करून बोलायला लागला का तुला?"

"देतोस की जाऊ?"

वायरमन स्कॅनर घेऊन स्वतःच आला. त्याने आधी मिस्त्रीचा स्कॅनर स्वतःच्या गाडीला लावून पाहिला. ठीक होता. मग आपला स्कॅनर ठिणगीच्या गाडीला लावला. पडदा बघून चष्मा वर केला, खाली केला आणि जोरात हसला.

"मिस्त्री, चार खोल्यांचं घर आणि पाचव्या खोलीतला भाडेकरू खोकतोय म्हणून तक्रार आलीये! काँप्युटर दुसऱ्या गाडीचा बसवलाय कोणीतरी. मोठ्या इंजिनाचा. जुन्या गाड्यांत करतात असले धंदे."

"दुसऱ्याचा काँप्युटर असता तर गाडी चालू तरी झाली असती का?"

"मग नसेल बसवला."

"मग काय आहे?"

वायरमनने कान खाजवला. मिस्त्रीला त्याचं हे कान खाजवणं माहीत होतं. उत्तर संपलं की तो हे करतो.

"पूस आणि पाठव पोरीला," वायरमन म्हणाला. "आणि एक सांगू? रागावू नको. तुला तिला पाठवायचंच नाहीये. काल म्हणे तू तिच्या बॅगेच्या चाकात खोट काढलीस."

"चाक डगमगत होतं."

"बॅगेचं चाक आहे ते मिस्त्री, विमानाचं नव्हे."

तो गेला. मिस्त्रीला त्याचं बोलणं लागलं, कारण ते खरं होतं. चाक डगमगत नव्हतं.

३

दुपारी गल्ली सामसूम झाली तेव्हा मिस्त्रीने लांब दांड्याचा स्क्रूड्रायव्हर घेतला. हे त्याचं खरं यंत्र. पातं इंजिनावर टेकवायचं, मूठ कानाच्या मागच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटायचे. आतलं सगळं ऐकू येतं. त्याचा डावा कान केव्हाच कामातून गेला होता, पण उजवा अजून पक्का होता.

चार सिलिंडरच्या इंजिनात पेट घ्यायचा क्रम ठरलेला असतो. एक, तीन, चार, दोन. मिस्त्रीला आपल्या लग्नाची तारीख आठवायची नाही, पण हा क्रम झोपेत विचारला तरी बरोबर. त्याने पहिल्या सिलिंडरवर पातं टेकवलं. ठक. तिसऱ्यावर ठक. चौथ्यावर, दुसऱ्यावर. चौघेही ठणठणीत. एकाच्याही आवाजात खोट नव्हती.

पण दोन झाल्यावर पुन्हा एकवर यायच्या आत, मध्ये काहीतरी होतं. जागा नसलेल्या बाकावर कोणी अंग चोरून बसावं तसं. बारीक, मऊ आणि थोडं उशिरा.

एक, तीन, चार, दोन, आणि मग ते.

त्याने डोळे उघडले. समोर नेहमीचीच भिंत, भिंतीवर पाने टांगलेले, कोपऱ्यात टायरांची चवड. भरदुपार होती. भीती वाटावी असं काहीच नव्हतं, आणि वाटलीही नाही. त्याला राग आला.

चौथ्या सिलिंडरच्या पुढे इंजिन संपतं आणि गिअरबॉक्सचं कवच सुरू होतं. तिथे फिरणाऱ्या चकत्या आणि तेल. पेटण्यासारखं काही नाही. त्याने पातं तिथे टेकवलं.

तिथे ते अगदी स्पष्ट होतं. पेट्रोल पेटतं तेव्हा टणक आवाज येतो, हा तसा नव्हता. भरल्या पोत्यावर मूठ मारावी तसा होता. एक ठोका पडे, दुसरा अर्धाच, तिसरा राहूनच जाई. सुरू करायचा प्रयत्न चाललेला, पण जमत नव्हतं.

अडखळतोय, मिस्त्रीच्या मनात आलं. यंत्र बरोबरच सांगत होतं.

मग तो स्वतःवरच खेकसला. कान म्हातारे झालेत. मूठ हाडाला लावली की स्वतःच्या रक्ताचेही ठोके ऐकू येतात. त्याने मनगटावर बोट ठेवलं आणि पुन्हा ऐकलं. त्याची नाडी वेगळी धावत होती. ते वेगळं होतं.

४

एक शेवटची परीक्षा राहिली होती. इंजिन चालू ठेवायचं आणि एकेका कॉइलचं कनेक्शन काढून बघायचं. चांगला सिलिंडर बंद केला की इंजिन लंगडतं, थरथरतं. घरातलं कमावतं माणूस उठून गेल्यासारखं.

त्याने पहिलं कनेक्शन काढलं. इंजिन थरथरलं. परत लावलं. दुसरं काढलं, थरथरलं, पण कमी. तिसरं काढलं तेव्हा जेमतेम. चौथं काढलं आणि इंजिन लंगडायच्या ऐवजी सुधारलं. गळ्याचं बटण सोडल्यावर माणूस मोकळा श्वास घेतो तसं झालं. स्टेअरिंगमागचा पिवळा दिवा एकदा मिणमिणला.

मिस्त्रीने घाईघाईने कनेक्शन परत लावलं आणि गाडी बंद केली. हात पुसले. फडकं कुठे ठेवलं ते त्याला नंतर सापडलं नाही.

"झालं का?" जिन्यावरून आवाज आला. ठिणगी डब्याचं झाकण लावत खाली येत होती. "मला उन्हं उतरायच्या आत निघायचंय बाबा."

"गाडी नाही जायची."

"काय झालंय तिला?"

काय सांगणार? इंजिनात चार आहेत आणि पाचवा बोलतोय?

"काय झालंय ते सांगा ना. पार्ट लागतोय का? मी घेऊन येते."

"बिघाड आहे. आतला आहे. आज होणार नाही."

ती खालच्या पायरीवर बसली. रागावली असती तर त्याला बरं वाटलं असतं. ती शांत बोलली.

"नोकरीचं पत्र आलं तेव्हा तुम्ही म्हणालात, तिथलं हवामान खराब आहे. खोली बघितली तर म्हणालात, जिना अरुंद आहे. बॅगेचं चाक. आता गाडी. बाबा, मी कायमची नाही चाललेय. पण तुम्ही असंच करत राहिलात ना, तर परत यावंसं वाटणार नाही मला. एवढंच सांगते."

"माझं काही तसं नाही."

"मग दिवा पुसा आणि द्या गाडी. किंवा बिघाड दाखवा. दाखवलात तर आज राहते मी. शपथ."

बिघाड दाखवा. तिने कधी नव्हे ती एवढी सोपी अट घातली होती. मिस्त्रीने इंजिनकडे बघितलं. स्क्रूड्रायव्हर तिच्या कानाला लावावा असं एकदा त्याच्या मनात आलं. आणि ते तिला ऐकूच आलं नाही तर? त्याहून वाईट म्हणजे, आलं तर? ते तिच्या कानात जावं असं त्याला वाटेना. का वाटेना ते त्याला सांगता आलं नसतं.

"तासाभराने ये," तो म्हणाला.

५

ती वर गेल्यावर त्याने ते केलं. सरळ मार्गाने होत नाही ते वाकड्याने करायचं. चारही कॉइलींचे बोल्ट सोडले, चारही उपटून काढल्या, दोन डाव्या खिशात, दोन उजव्या खिशात. बॉनेट लावून टाकलं. कॉइल नाही म्हणजे ठिणगी नाही, ठिणगी नाही म्हणजे गाडी नाही. ब्रह्मदेव आला तरी चालू होणार नाही. "कॉइल जळल्या, नव्या उद्या येतील," म्हणायचं. पोरगी चिडेल, बसने जाईल. जाऊ दे बसने. वायरमन गावभर हसेल. हसू दे.

लाज वाटत होती, पण छातीवरचा दगडही उतरला होता. तो मागच्या मोरीत हात धुवायला गेला. साबण लावून नखांतलं काळं काढता काढता तो ते वाक्य घोकत होता. कॉइल जळल्या, नव्या उद्या येतील. जिन्यावर पावलं वाजली, डिकी उघडून बंद झाली. आता हाक येईल, बाबा, चालू होत नाहीये.

गाडी चालू झाली.

नळ वाहत होता. त्याने नळ बंद केला.

गाडी चालू होती. स्टार्टर कुरकुरला नाही, काही थरथरलं नाही. एकच मऊ, सलग आवाज. इतकं सुरेख चालणारं इंजिन त्याने जन्मात ऐकलं नव्हतं.

तो बाहेर आला तेव्हा ठिणगी दार उघडं टाकून पळत आली आणि त्याच्या ओल्या हातांसकट तिने त्याला मिठी मारली.

"दिवा गेला बाबा! गेला! आणि चालतेय बघा कशी, लोण्यासारखी. उगाच बोलले मी तुम्हाला." मग ती मागे सरकली आणि त्याच्या खिशावर थापटी मारली. "हे काय कोंबलंय एवढं? टोचलं मला."

बोलायची वेळ ती होती. चार शब्द पुरे होते. पण तो तिच्या चेहऱ्याकडेच बघत राहिला. कितीतरी वर्षांत तिने त्याच्याकडे असं बघितलं नव्हतं.

"काही नाही," तो म्हणाला. "भंगार आहे."

"जपून राहा. जेवत जा वेळेवर. वायरमनकाकांशी भांडू नका."

गाडी फाटकातून वळली. तिने हात बाहेर काढून हलवला. मिस्त्री दोन्ही हात खिशात घालून उभा राहिला. डावीकडे दोन, उजवीकडे दोन. चारही गार होत्या.

६

गल्ली रिकामी झाल्यावर त्याला हळूहळू उमगलं. अडखळत होता तो पाचवा. उरलेले चार मध्ये येत होते म्हणून अडखळत होता. यंत्राने तेवढीच तक्रार केली होती, आणि मिस्त्रीने ती दूर केली. चौघांना स्वतःच्या हाताने बाजूला काढून वाट मोकळी करून दिली. दिवा का नाही जाणार?

त्याने फोन लावला. वाजून वाजून तो बंद पडला. पुन्हा लावला. बाहेर उन्हं कलली होती, समोरच्या भिंतीवर पिवळा उजेड होता.

"काय हो बाबा? आत्ताच तर निघाले. थांबा, बाजूला घेते." मग मोकळा आवाज आला. "हं, बोला. नदीच्या पुलाच्या अलीकडे आहे मी."

"चारही कॉइल माझ्या खिशात आहेत."

"काय?"

"तू जाऊ नयेस म्हणून मी गाडीच्या चारही कॉइल काढल्या. तुला टोचल्या त्या त्याच."

पोरीला शिकवलं होतं त्याने सगळं. कॉइलशिवाय गाडी चालत नाही हे तिला सांगावं लागलं नाही. ती चिडणार याची तो वाट बघत राहिला. चिडली असती तर फार बरं झालं असतं.

"बाबा," ती सावकाश म्हणाली, "मग ही चालतेय कशावर?"

"चावी काढ."

खट् असा आवाज आला. "काढली."

"हातात आहे?"

"हातात आहे. बंद झाली गाडी. एकदम शांत आहे."

मिस्त्रीने फोन उजव्या कानाशी घट्ट धरला. तिच्या आवाजामागे तो पाचवा होता. मऊ, सलग, आता कुठेही न अडखळता. एक, तीन, चार, दोन असलं काही नव्हतं. एकच ठोका, पुन्हा तोच ठोका.

"उतर," तो म्हणाला. "बॅग राहू दे. दार उघडं राहिलं तर राहू दे. पुलाकडे चालायला लाग. मी निघालो." तो बोलता बोलताच आपल्या जुन्या व्हॅनमध्ये बसला होता.

दार उघडल्याचं ऐकू आलं. मग खडीवर पावलं, मग डांबरावर.

"चालतेय बाबा. आलेच मी पुलापर्यंत. गाडी मागे राहिली पार. छोटीशी दिसतेय इथून." ती जराशी हसली. "काय वेड लावलंत हो मला. इथे काहीसुद्धा नाहीये. नदी आहे, वारा आहे."

आवाज कमी व्हायला हवा होता. पावलागणिक कमी व्हायला हवा होता. मिस्त्री ऐकत होता. आवाज होता तेवढाच जवळ होता. तिच्या तोंडाजवळ, तिच्या श्वासाच्या पलीकडे. तिच्या पावलांबरोबर पाऊल टाकत.

"बाबा, गप्प का झालात?"

"गप्प नाही," मिस्त्री म्हणाला आणि बोलायला लागला. जन्मभर जो पोरीशी खोट काढण्यापलीकडे दोन वाक्यं बोलला नव्हता, तो म्हातारा एका हाताने व्हॅन हाकत बोलत सुटला. ती फतकल मारून बसायची ते, तिने पहिल्यांदा क्लच सोडला तेव्हा गाडी भिंतीला टेकली ते, तिच्या आईने तेव्हा कोणाला शिव्या दिल्या ते. बॅगेचं चाक डगमगत नव्हतं हेही सांगितलं. ती मध्ये मध्ये हसत होती, म्हणत होती, "आज झालंय काय तुम्हाला?"

तो श्वास घ्यायलाही थांबत नव्हता. तो थांबला असता तर तिलाही ते ऐकू आलं असतं.